हात खाली येईपर्यंत

रविवारची सकाळ. वाल्डॉर्फच्या मोठ्या रस्त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सायकल नाही, एक कुत्रं नाही. पलीकडच्या दिव्यात लाल माणूस उभा, आणि अलीकडे आमचे काका उभे, उजवा हात टोलनाक्याच्या दांड्यासारखा आडवा धरून. त्या हाताच्या मागे मी, गरम पावांची पिशवी घेऊन ताटकळत.

"अहो काका, कोणी नाहीये."

"लाल आहे. थांब."

"पण रस्ता बघा ना, रिकामा आहे!"

"येणारा सांगून येत नाही, बाई."

बरं, दिवा हिरवा झाला की सुटलो म्हणाल, तर तसंही नाही. हिरवा झाल्यावर काका आधी डावीकडे बघायचे, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, आणि तेवढ्यात डावीकडे काही उगवलं नसेल तर हात खाली यायचा. "हं, चला." तोवर दिवा पुन्हा लाल व्हायच्या बेतात. मग ते "पळा, पळा" करत आम्हाला पलीकडे नेणार.

जर्मनीत सिग्नलला आम्पेल म्हणतात. आमच्या गावातल्या मराठी पोरांनी त्यांचं नाव आम्पेलकाका ठेवलं होतं. त्यांना ते माहीत होतं आणि त्यांना त्याचा रागही नव्हता. उलट गणपतीत सगळी पोरं तळ्याकडे निघाली की ते स्वतःच पुढे होऊन हात आडवा करायचे, आणि मागे बारा-पंधरा पोरं खिदळत उभी राहायची.

मी त्यांच्याच इमारतीत, त्यांच्या वरच्या मजल्यावर राहते. कंपनीही एकच. ते माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे, म्हणून काका. मूळचे पुण्याचे, आणि हे मी मुद्दाम सांगते, कारण तरुणपणी हा माणूस लक्ष्मी रोडवरून स्कूटर हाणायचा. डाव्या हाताने इशारा करून उजवीकडे वळणारी जमात! मी एकदा विचारलंसुद्धा, "काका, तुम्ही पुण्यात रस्ता कसा ओलांडायचात हो?" तर म्हणाले, "तेव्हा काय, तेव्हा मी एकटा होतो."

काकू गेल्या तेव्हा त्यांची मुलगी जुई पहिलीत होती. त्यानंतर घरात दोघंच. मी राहायला आले तेव्हा जुई दहा-अकरा वर्षांची असेल. काका तिच्याशी मराठीत बोलायचे, ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची, आणि दोघांना त्यात काही वेगळं वाटायचं नाही. जर्मनमध्ये 'ज'चा 'य' होतो, म्हणून शाळेत तिला सगळे युई म्हणायचे. तिने तेही चालवून घेतलं होतं.

काकांना कशाकशाची भीती वाटायची ते सांगायला बसले तर संध्याकाळ होईल. थंडीत फरशीवर जमणाऱ्या बर्फाची. कुकरच्या वाफेने धुराचा अलार्म वाजेल याची. सरकारी पाकिटाची, ते न उघडताच. इथली दारं ओढली की आपोआप बंद होतात, म्हणून आपण बाहेर आणि किल्ली आत राहील याची तर फारच. त्यांच्या घराची एक किल्ली माझ्याकडे, एक तळमजल्याच्या म्हातारीकडे, एक ऑफिसच्या खणात. चष्मे दोन, चार्जर तीन. मी हसले की म्हणायचे, "हस तू. माझ्याकडे सगळ्याचं स्पेअर आहे. हिचं तेवढं नाही." आणि जुईकडे बोट दाखवायचे. ती डोळे फिरवायची. मीही हसायचे.

आणि अशा माणसाची मुलगी बारावी झाल्याझाल्या म्हणाली, मी पाठीवर पिशवी टाकून आशिया फिरायला जाणार! इथल्या मुलांची ती रीतच आहे. शाळा संपली की कॉलेजच्या आधी काही महिने कुठेतरी दूर, स्वस्तात, एकट्याने. काकांनी आठवडाभर धड जेवण केलं नाही. मी समजवायला गेले तर म्हणाले, "नाही कसं म्हणू? हिच्या वर्गातली सगळी चाललीत. नाही म्हटलं तर ती थांबेलसुद्धा. मग मला तिच्याकडे बघवेल का?"

गेली ती. रोज फोन यायचा. काका नकाशा उघडून बसायचे आणि ती जिथे असेल तिथल्या सगळ्या वाईट बातम्या वाचायचे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो काकांच्या फोनमध्येच राहायला आला होता.

आम्ही दोघं तेव्हा एकाच सुमारास भारतात निघालो होतो. काकांनी एक तिकीट शोधून काढलं, फ्रँकफर्टहून सायगॉन, तिथे दिवसभर मुक्काम, मग रात्री मुंबई. म्हणजे कात्रजला जायला नाशिकवरून वळसा! कारण उघड होतं, जुई त्या आठवड्यात सायगॉनला होती. "एक दिवस डोळ्यांनी बघतो आणि पुढे जातो," म्हणाले. "तू चल बाई बरोबर. मला एकट्याला ते जमायचं नाही." मी गेले. तिकीट स्वस्त होतं हेही खरंच.

विमानतळावरून शहरात आम्ही साध्या बसने आलो, कारण जुईने तसं बजावलं होतं. काकांची सॅक पाठीवर नाही, पोटावर. दोन्ही हात सॅकवर. पासपोर्ट बनियनला आतून शिवलेल्या चोरखिशात, आणि दर थोड्या वेळाने छातीवर थाप मारून तो आहे ना, याची खात्री. शेजारी बसलेल्या बाईला वाटलं, यांना छातीत दुखतंय. तिने बिचारीने पाण्याची बाटली पुढे केली. काकांनी हसून नको म्हटलं आणि मला हळूच विचारलं, "सील होतं का गं बाटलीला?"

जुई बसथांब्यावर उभी होती. उन्हाने रापलेली, पायात चपला, केसांना कसलीशी दोरी. काकांनी तिला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, दोनदा, आणि पहिलं वाक्य काय बोलावं? "वाळलीस."

तिच्या हॉस्टेलवर सामान टाकलं. एका खोलीत दहा पलंग, एकावर एक. जोडे खाली दाराशी काढायचे असा तिथला नियम. तुम्ही देवळात काय करता? एक चप्पल या कोपऱ्यात, दुसरी त्या कोपऱ्यात, म्हणजे चोराला जोड मिळत नाही. काकांनी सायगॉनच्या हॉस्टेलात नेमकं तेच केलं. एक बूट दाराशी, दुसरा जिन्यामागे. परत येऊन बघतात तर झाडणाऱ्या बाईने दोन्ही शोधून, जोडी लावून, नीट मांडून ठेवलेले. काकांचा चेहरा असा पडला की जुई आणि मी जिन्यावर बसून हसलो. तेवढंच त्या दिवसातलं मोकळं हसू.

कारण भिंतीवर एक पाटी होती. रस्त्याच्या कडेला मोबाईल हातात धरू नका, स्कूटरवरून येऊन हिसकावतात. काकांनी ती वाचली आणि हात पुढे केला.

"दे."

"बाबा!" जुईने जर्मनमध्ये सुनावलं की गेले सहा आठवडे तो फोन तिच्याच हातात आहे आणि काही झालेलं नाही.

"माझ्यासमोर नको. मी आहे तोवर माझ्याकडे. हिसकावताना हातच ओढला तर? पडलीस तर?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनीच म्हटलं, दे बाई, एक दिवसाचा प्रश्न आहे. फोन काकांच्या चोरखिशात गेला, पासपोर्टाशेजारी. तिघांत तिथलं सिमकार्ड असलेला तेवढा एकच फोन होता. आमच्या दोघांचे हॉस्टेलच्या वायफायबाहेर नुसत्या डब्या. हे तेव्हा कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

मग आम्ही बाहेर पडलो आणि रस्ता समोर आला.

तुम्ही म्हणाल, रस्त्याचं काय एवढं. अहो, तो रस्ता नव्हताच, ती स्कूटरींची नदी होती. दहा-दहांच्या रांगा, एकीला एक लागून. एकेका गाडीवर तिघं-चौघं, कोणाच्या मागे गॅसची टाकी, कोणाच्या मांडीवर काचेची तावदानं. थांबत काही नव्हतं. पुण्या-मुंबईची माणसं आम्ही, पण आमच्याही तोंडचं पाणी पळालं. काकांचा हात आपोआप आडवा झाला.

"आम्पेल कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

आम्पेल शोधत आम्ही फुटपाथवरून बरंच चाललो. सापडला. हिरवा झाला. काकांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पुन्हा डावीकडे पाहिलं, आणि वळणाऱ्या स्कूटरी हिरव्यातूनच शांतपणे वळत राहिल्या. हात खाली आलाच नाही. दिवा लाल झाला, परत हिरवा झाला, परत लाल.

"पलीकडे जायला टॅक्सी करू," काका म्हणाले. गंमत म्हणून नाही. अगदी मनापासून.

जुईने कपाळाला हात लावला. मग तिने त्यांना धडा दिला, शाळेतल्या बाई देतात तसा. थांबायचं नाही, पळायचं नाही, मागे फिरायचं नाही. सावकाश, एका लयीत चालत राहायचं. ते आपल्याला बघतात आणि बाजूने जातात. फक्त बस आली तर थांबायचं, बस वळत नाही. एवढं बोलून ती पोरगी त्या नदीत शिरली. ती आपली बाजारात भाजी घ्यायला निघाल्यासारखी चालत गेली, स्कूटरी तिच्या पुढून-मागून फुटत गेल्या, पलीकडे पोहोचली, वळली, तशीच परत आली आणि जर्मनमध्ये म्हणाली, "बघ. काही होत नाही."

काका पांढरेफटक. म्हणाले, "पुन्हा असं करू नकोस."

तर सांगायचं म्हणजे, दुपारपर्यंत आम्ही सायगॉनची एकच बाजू पाहिली. एकाच चौकोनाला फेऱ्या मारल्या. लहान मुलांच्या असतात तसल्या प्लॅस्टिकच्या स्टुलांवर गुडघे कानाला लावून बसलो. काकांनी कॉफीतला बर्फ चमच्याने काढून बाजूला ठेवला, "कुठल्या पाण्याचा, कोण जाणे." माशांचा वास नको म्हणून माझ्या दशम्या आणि चटणी काढली. जुईने मात्र वाफाळत्या रश्शातल्या शेवया ओरपल्या, आणि मधेच काकांच्या हातातला दशमीचा तुकडा काढून त्यातच बुडवला. काका बघत राहिले. तो एक क्षण ते भीती विसरले असावेत, असं मला वाटतं.

आभाळ भरून आलं. तिथे दुपारी असं येतं म्हणे, तास-दोन तास कोसळतं आणि जातं. पलीकडे मोठा छपराचा बाजार होता, त्याच्या तोंडाशीच प्लॅस्टिकचे रेनकोट टांगलेले दिसत होते. जुई उठली. "बिन ग्लाइश वीडर दा," आलेच मी. काकांचा हात आडवा व्हायच्या आत ती रस्त्यात उतरली होती.

तिला पलीकडे चढताना आम्ही पाहिलं. ती त्या दुकानाशी थांबली, कोणाशी तरी बोलली आणि आत गेली. मग पाऊस आला.

काय पाऊस! समोरचं सगळं पुसलं गेलं. स्कूटरवाल्यांनी चालत्या गाडीवरच रेनकोट चढवले, पिवळे, निळे, गुलाबी. माणसं गेली आणि नुसती प्लॅस्टिकं धावायला लागली. पलीकडच्या फुटपाथवर पिवळ्या टोप्यांची गर्दी, प्रत्येक टोपीखाली जुई असेल असं वाटायचं, आणि नसायची.

आम्ही दुकानाच्या ताडपत्रीखाली उभे. पहिल्यांदा मी म्हटलं, पाऊस कमी व्हायची वाट बघत असेल. मग म्हटलं, घासाघीस करत असेल. पाऊस उतरला, पाणी गटाराकडे वाहून गेलं, स्कूटरवाल्यांचे रेनकोट निघाले. ती आली नाही.

"काका, मी बघून येते."

हात आडवा. "थांब. तिला माहीत आहे आपण इथे आहोत. आपण हललो तर चुकामूक होईल."

बरोबरच होतं त्यांचं. म्हणून आणखी थांबलो. आणि मधेच त्यांच्या छातीत फोन थरथरला. चोरखिशातला, जुईचा. काकांनी शर्टात हात घालून तो काढला. कोणा मैत्रिणीचा मेसेज, एक हसरा चेहरा. फोनला कुलूप, त्याचा आकडा आम्हाला माहीत नाही. काका त्या काळ्या काचेकडे बघत राहिले.

"मी काढून घेतला," ते म्हणाले. "तिच्याकडे असता तर..."

तोवर मी काकांच्या भीतीला हसत आले होते हो. त्यांच्या भीतीतलं एकही संकट आजवर खरं झालेलं नव्हतं, त्यामुळे ती भीती म्हणजे आमच्या घरची करमणूक होती. आता त्या फुटपाथवर एकदम त्याच भीतीने मला धरलं. अनोळखी शहर, अठरा वर्षांची पोर, भाषा येत नाही, फोन नाही. मला नको नको ते दिसायला लागलं. मी जोरात म्हटलं, "काका, ती सहा आठवडे एकटी फिरतेय, ती येईल!" आणि माझाच आवाज चिरकला.

काका पलीकडे बघत होते. मग त्यांचा चेहरा पालटला.

"ती येणार नाही," ते म्हणाले.

"अहो, असं काय बोलता!"

"अगं, मीच शिकवलंय तिला. लहान होती तेव्हा. हायडेलबर्गच्या नाताळच्या बाजारात हरवली होती, गर्दीत, आणि मला शोधत भलतीकडेच निघाली होती. सापडली तेव्हा तिला बजावलं, हरवलीस की जागची हलायचं नाही. पाय जमिनीला चिकटले समजायचं. बाबा येतो. कितीही वेळ लागला तरी बाबा येतो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ती तिकडे उभी असेल. माझी वाट बघत. आणि मी इथे उभा आहे."

मग त्यांनी सॅक पोटावरून काढून पाठीवर टाकली. फोन परत आत घातला. माझं मनगट धरलं, असं घट्ट की दुसऱ्या दिवशी मुंबईत आईने विचारलं, हे काळंनिळं कशाने झालं. आणि फुटपाथवरून खाली उतरले.

काय सांगू तुम्हाला. मी डोळे मिटले असते, पण मिटवेनात. समोरून ती सगळी फौज आमच्या अंगावर येतेय, आणि काका सावकाश, एका लयीत चालतायत, तिने सांगितलं होतं तसं. त्यांचा मोकळा हात आडवा पुढे, नेहमीसारखा, पण आता तो कोणाला थांबवत नव्हता, नुसता वाट चाचपत होता. ओठ हलत होते. मला वाटलं रामरक्षा म्हणतायत. कान दिला तर काय, "हिरवा आहे. हिरवा आहे. हिरवा आहे."

मधोमध एका आरशाचा कोपरा त्यांच्या कोपराला लागला. ते थबकले. मला वाटलं, संपलं, आता हे मागे फिरणार. आमच्या दोन्ही अंगांनी स्कूटरी फुटत होत्या, गरम धूर, ओले टायर, कोणाचा तरी हॉर्न अगदी कानात. "काका, थांबायचं नाही!" मी ओरडले. "हिरवा आहे!" ते माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडले आणि पुढे निघाले.

पलीकडच्या फुटपाथवर चढलो. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. सरळ बाजारात.

आत काळोखी बोळ. कापडांचे ढीग, सुके मासे, फळं, बुटांच्या भिंती, आणि एकसारख्या एक गल्ल्या. काका प्रत्येक पिवळ्या रेनकोटापुढे जाऊन तोंड बघत होते. एका मुलीचा खांदा धरला, ती वळली, भलतीच निघाली, घाबरून किंचाळली. काकांनी हात जोडले. मी माफी मागत मागे पळत होते. "जुई!" ते हाका मारत होते, आणि आजूबाजूच्या बायका आपापल्या दुकानातून बघत होत्या. मला रडू फुटायला आलं होतं.

बाजाराच्या पार मागच्या दाराशी, जिथे पत्र्यावरून अजून पागोळ्या गळत होत्या, तिथे एका खांबाला पाठ लावून ती उभी होती. दोन्ही पाय जुळवलेले. हातात तीन रेनकोट, घड्या न मोडलेले. स्वतः ओलीचिंब. रेनकोटवाली तिला मोठे माप आणायला आत घेऊन गेली होती. निघताना ती चुकली, दोनदा भलत्याच दारातून बाहेर पडली, रस्त्याचं नाव ठाऊक नाही, नकाशा फोनमध्ये आणि फोन बाबांकडे. मग तिने तेच केलं जे तिला पहिलीपासून येत होतं.

आम्हाला पाहिल्यावरही ती खांब सोडेना. काका जवळ गेले तेव्हा तिचा चेहरा एकदम लहान झाला. "इख बिन श्टेहेन गेब्लीबन, बाबा," ती म्हणाली. म्हणजे, मी उभी राहिले, हलले नाही.

मला वाटलं, आता मिठी मारतील, रडतील. काकांनी काय केलं? तिच्या हातातला एक रेनकोट घेतला, तो उलगडला आणि तिच्या ओल्या अंगावर घातला. "हातात कोट आणि भिजतेस काय? अक्कल आहे का?" मग शर्टात हात घालून फोन काढला आणि तिच्या तळहातावर ठेवला. तिची बोटं त्यावर मिटवली.

तिला अचानक आठवलं. डोळे पुसत तिने विचारलं, तुम्ही रस्ता कसा ओलांडलात?

"हिरवा होता," काका म्हणाले.

परत येताना मात्र टॅक्सी केली. रस्त्याच्या त्या बाजूपासून या बाजूपर्यंत.

तुम्हाला वाटेल त्या दिवसानंतर काका बदलले. अजिबात नाही. वाल्डॉर्फला परत आलो त्या रविवारी पावाच्या दुकानाला जाताना रस्ता मोकळा, लाल माणूस उभा, आणि हात आडवा. मी म्हटलं, "काका, सायगॉन विसरलात?" तर म्हणाले, "तिथे ती पलीकडे होती." आणि डावीकडे बघायला लागले.

जुई परत आली, कार्ल्सरूहेला शिकायला गेली. दर शुक्रवारी गाडीने घरी. काका स्टेशनवर गाडी यायच्या कितीतरी आधी जाऊन उभे राहायचे.

गेल्या हिवाळ्यात त्यांना चढ चढताना दम लागायला लागला. हृदयाची झडप खराब आहे, ऑपरेशन करावं लागेल, असं हायडेलबर्गच्या डॉक्टरांनी सांगितलं. आयुष्यभर कशाकशाला घाबरले, आणि या वेळी आम्ही दोघी घाबरलेलो असताना तेच आम्हाला समजावत होते, "अगं, रोज करतात ते लोक." पण ऑपरेशनच्या सकाळी पलंग ढकलत नेताना, त्या दुहेरी दाराशी आल्यावर त्यांचा हात एकदम बाहेर आला. आडवा. ढकलणारा माणूस थांबला.

"जुई," ते म्हणाले. "हिरवा आहे ना गं?"

तिने त्यांचा हात धरला. "ग्र्यून, बाबा. गान्झ ग्र्यून." अगदी हिरवा. मग तिने तो हात हळूच त्यांच्या पांघरुणात ठेवला. ते आत गेले. शुद्धीवर आलेच नाहीत.

मला ते फार आठवतात. किल्ली आत राहील म्हणून हल्ली मीच दारात तीनदा खिसे चाचपते. कोणाला सांगू नका, पण सॅकही पोटावर घेते.

त्यांच्यानंतरचा पहिला रविवार. जुई खाली त्यांच्या घरात एकटीच होती. मी तिला म्हटलं, चल, पाव आणू. आम्ही दोघी निघालो. मोठ्या रस्त्यावर कोणी नव्हतं. लाल होता, थांबलो. दोघींच्या मधे एका माणसाची जागा सोडून उभ्या होतो, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

दिवा हिरवा झाला. मी हलले नाही. तीही नाही. मागे बाबागाडी घेतलेली एक बाई आली, थोडी थांबली. "इस्ट ग्र्यून," ती म्हणाली, हिरवा झालाय. "या, या," मी म्हटलं, म्हणजे जर्मनमधलं हो, हो. ती आमच्या बाजूने निघून गेली. दिवा लाल झाला. आम्ही तिथेच.

पुन्हा हिरवा झाला. माझा पाय उचलेना. तेवढ्यात माझ्यापुढे एक हात आडवा झाला. जुईचा. तिने डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. पुन्हा डावीकडे पाहिलं. इतक्या वर्षांत तिच्या तोंडून मी मराठीतून उत्तर ऐकलं नव्हतं. तिने हात खाली घेतला.

"हं," ती म्हणाली. "चला."